धुऊन टाकलेलं तेल

"तेल चोपडून उन्हात उभं राहणं म्हणजे स्वतःला तळून घेणं." औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात हे वाक्य मी पंधरा वर्षं म्हणत आले. मुलं हसायची आणि मला बरं वाटायचं. आपल्याला यातलं नेमकं काय माहीत आहे, हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नाही.

माहीत होतं ते एवढंच, की वनस्पतींची तेलं अतिनील किरण किती अडवतात हे मोजलं तर आकडे किरकोळ येतात. झिंक ऑक्साइडपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. त्यात 'हर्बल' म्हणून खपणाऱ्या बाटल्यांची चीड होतीच. त्या चिडीलाच मी वैज्ञानिक दृष्टी समजत होते.

मग सांगोल्याची एक मुलगी एम. फार्म.च्या प्रकल्पासाठी माझ्याकडे आली. घरची डाळिंबाची बाग. रस काढल्यावर उरणाऱ्या बियांच्या तेलाचं नॅनोइमल्शन, म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, करायचं आणि त्याने त्वचेच्या पेशी उन्हाच्या माऱ्यातून वाचतात का ते बघायचं, असा तिचा विचार होता. ब्राझील आणि बार्सिलोनाच्या संशोधकांचा २०१५चा एक शोधनिबंध तिने माझ्यापुढे ठेवला. त्यांनी याच तेलाच्या नॅनोइमल्शनमध्ये डाळिंबातली पॉलिफेनॉलं भरून, यूव्हीबी या अतिनील किरणांनी पेशींच्या डीएनएला होणारी इजा तपासली होती. मी तो चाळला, वाचला नाही. "घरची बाग आहे म्हणून विषय निवडू नये," असं तिला सगळ्यांदेखत सुनावलं. ते आठवलं की आजही लाज वाटते.

तिने ऐकून घेतलं आणि कामाला लागली. तेल, तेल-पाणी एकजीव ठेवणारं ट्वीन ८०, पाणी. भांडं बर्फात, आत सोनिकेटरची दांडी. दुधासारखं पांढरं मिश्रण बघता बघता पातळ झालं, त्याला निळसर झाक आली. थेंब इतके बारीक झाले की प्रकाश असाच विखुरतो. सुंदर दिसत होतं. सुंदर दिसतं म्हणून काम करेलच असं नाही, असं मी म्हणाले. एवढं तरी बरोबर बोलले.

पहिल्या प्रयोगात इमल्शन लावलेल्या पेशी तगल्या. माझं उत्तर तयार होतं: वर तेल आहे, ते किरण अडवतंय, दुसरं काय! "यूव्हीबीचा दिवा लावायच्या आधी सगळं धुऊन टाक," मी सांगितलं. ही सूचना शास्त्राला धरून होती, पण मी ती शास्त्रासाठी केली नव्हती. तिचा दावा कोसळावा म्हणून केली होती.

तिने पेशी रात्रभर इमल्शनमध्ये ठेवल्या, दोनदा बफरने धुतल्या आणि प्लेटचं झाकण काढून दिव्याखाली धरल्या. प्लास्टिकचं झाकण यूव्हीबी अडवतं. दुसऱ्या दिवशी एमटीटी घातलं. या पिवळ्या द्रव्याला जिवंत पेशी जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. चार तास थांबायचं असतं. मी मुद्दाम थांबले.

तिने प्लेट उजेडात धरली. तिच्यातले किरण न दिलेले खळगे गडद जांभळे. किरण दिलेले, पण इमल्शन न लावलेले, मळकट पिवळे. नुसतं ट्वीन आणि पाणी घातलेलेही तसेच. आणि धुतलेल्या इमल्शनच्या तीन ओळी जांभळ्या. पहिल्याइतक्या गडद नव्हत्या, पण जांभळ्याच. प्लेट उलटी धरली गेली असेल म्हणून मी तिच्या हातून घेतली, कोपऱ्यातलं अक्षर पाहिलं. प्लेट सरळच होती.

"मॅडम, तेल ऊन अडवेल असं मी म्हटलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली.

खरंच म्हटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं की तिला बघायचंय ते किरण आत शिरल्यानंतरचं. पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात, ते पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए कुरतडतात. तेलाचे थेंब पेशीपर्यंत पोचले तर तिथे त्या रेणूंना आवर घालता येईल का, एवढाच तिचा प्रश्न होता. मी पंधरा वर्षं एकच मोजत राहिले, तेल किती किरण अडवतं. आणि समोरची मुलगी वेगळं काही विचारतेय, हे माझ्या कानांपर्यंत पोचलंच नाही. गावाकडून आलेल्या आणखी किती जणांचं मी असंच अर्धवट ऐकलं असेल?

प्रयोग आणखी तीनदा केला. निकाल तोच आला. मग वर्गात जाऊन मी ते तळण्याचं वाक्य मागे घेतलं. या वेळी कुणी हसलं नाही.

नंतर एकदा तिने विचारलं, "आईला लावायला देऊ का थोडं? दिवसभर बागेत असते." मी नको म्हटलं. खळग्यातला पेशींचा एक थर म्हणजे माणसाची कातडी नव्हे. कातडीवर मृत पेशींचा थर असतो, तो ओलांडून जायचं आहे. डाळिंबाच्या बियांतलं प्युनिसिक आम्ल हवेने लवकर खराब होतं. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात का, हेही अजून बघायचं आहे. आईला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालायला सांग, उघड्या अंगाला सनस्क्रीन लावायला सांग, असं म्हणाले. तिने मान हलवली. या वेळी नाही म्हणताना माझ्याकडे कारणं होती, आणि तिने ती वहीत उतरवून घेतली.

बाटली फ्रिजमध्ये आहे. दर सोमवारी थेंबांचा आकार आम्ही दोघी मिळून मोजतो.