शास्त्रात कुठे आहे?

पूज्य पंडिता रमाबाई यांस,



हे पत्र गगनबावड्याहून लिहिते आहे. कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवरचं हे गाव. इथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, आणि पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. आम्ही ख्रिस्ती माणसं इथे मूठभर, बहुतेक नोकरीनिमित्त आलेली. पावसाळ्यात दर रविवारी कोल्हापूरला चर्चला जाणं होत नाही. मग कुणाच्या तरी घरी चटईवर बसून भक्ती होते. पवित्र शास्त्र प्लास्टिकच्या पिशवीतून निघतं. दमट हवेनं त्याची पानं फुगून एकमेकांना चिकटलेली असतात. वाचणारी बाई ती नखानं हळूच सोडवते, ओळीखाली बोट धरते आणि वाचायला लागते. व्यासपीठ नाही, पाळकांचा झगा नाही, पेटी नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका भक्तीत कॉलेजात जाणाऱ्या मुलानं विचारलं, “आपण इथेच प्रभुभोजन का घेत नाही? पाळकसाहेबच पाहिजेत असं शास्त्रात कुठे आहे?” वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, “तशी पद्धत आहे.” विषय तिथेच मिटला. माझ्या मनातून तो गेला नाही, आणि तुमच्याही गेला नसता असं वाटतं, म्हणून हे पत्र तुम्हाला.

‘शास्त्रात कुठे आहे?’ हा प्रश्न तुम्ही फार अवघड जागी उभ्या राहून विचारला होता. तुमचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तुमचा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला. पण वेद स्त्रीनं वाचायचे नसतात, हे तोवर तुमच्याही मनावर ठसलेलं होतं. ते वाचा, असं तुम्हाला ब्राह्मो पुढारी केशवचंद्र सेनांना सांगावं लागलं. पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला तुमचा बाप्तिस्मा झाला. मुलूख परका, पदरात लहानगी लेक मनोरमा, खर्च दुसऱ्यांच्या हाती. अशा वेळी कुणीही मान डोलावली असती. तुम्ही मात्र ज्यांनी मायेनं सांभाळलं त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीच पत्रांतून वाद घातलात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकती कुठे सुटले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचा शब्द देवाची आज्ञा म्हणून डोळे मिटून मानणार नाही, असा तुमच्या १८८५ च्या पत्राचा आशय आहे. त्या मायेचा तुम्हाला विसर पडला नव्हता. तरीही उपकाराची फेड म्हणून विवेकबुद्धी देऊन टाकायला तुम्ही तयार नव्हता. आमच्या मंडळ्यांत आजही हे फार थोड्यांना जमतं.

कोल्हापूरच्या मंडळीला तर हा प्रश्न वारशानंच मिळालाय. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये इथलं काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. प्रेस्बिटेरियन माणसं ज्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराला मानतात, त्याचा २१ वा अध्याय उपासनेवर आहे. देवाची भक्ती देवानं सांगितलेल्या रीतीनंच करावी, माणसाच्या कल्पनेतून निघालेली रीत तिच्यावर लादू नये, असं तो सांगतो. ऐकायला हे कडक वाटतं. पण ज्याच्या हाती ना पद आहे ना पैसा, त्या विश्वासणाऱ्याला याच नियमाचं संरक्षण आहे. ‘हे शास्त्रात नाही, माझ्यावर सक्ती करू नका’ असं तो पाळकाला, वडिलांना, मिशनऱ्याला तोंडावर सांगू शकतो.

फक्त नियम सगळ्यांना सारखा लावायला हवा. भक्तीत टाळ-मृदंग आले की आमच्यातले काहीजण अजूनही कपाळाला आठ्या घालतात. ते ‘हिंदूंचं’ आहे म्हणतात. ऑर्गनबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. वास्तविक हा नियम ज्यांनी सगळ्यांत कठोरपणे पाळला, ते जुने स्कॉटिश प्रेस्बिटेरियन कुठलंच वाद्य न लावता नुसती स्तोत्रं गात. त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन शिरला तेव्हा भांडणं झाली. मग तोच ऑर्गन आमच्याकडे येईपर्यंत शास्त्रोक्त कसा झाला? १५० वं स्तोत्र काढून बघावं: डफ आहे, झांजा आहेत, नृत्यसुद्धा आहे. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, नारायण वामन टिळकांनी अभंगांच्या चालीत ख्रिस्त गायला, ती माणसं शास्त्राला सोडून गेली नव्हती. अमेरिकेची सवय आणि देवाची आज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच त्यांनी ओळखलं होतं. उलट, आजची तरुण मंडळी कीबोर्ड-ड्रम लावून तासभर गातात आणि शास्त्रवाचन दोन मिनिटांत उरकतात, तेव्हा हाच प्रश्न त्यांनाही विचारावा लागेल.

आता त्या मुलाच्या प्रभुभोजनाकडे येते. करिंथकरांस पौलाच्या पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय मी सावकाश वाचला. भाकर कुणी उचलायची, याबद्दल त्यात अक्षर नाही. पौल रागावलाय तो वेगळ्याच कारणानं: एक उपाशी राहतो, दुसरा पिऊन झिंगतो, ज्याच्याजवळ काही नाही त्याला चारचौघांत खाली बघायला लावतात. एकमेकांसाठी थांबा, असं तो सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत तर विश्वासणारे घरोघरी भाकर मोडतात. म्हणजे दीक्षित पाळकच हवा, ही मंडळीची शिस्त आहे. सगळं शिस्तीनं व्हावं हेही पौलाच्या त्याच पत्रात आहे, म्हणून ती शिस्त मी मानते आणि आम्ही गगनबावड्यात पाळकांची वाट बघतो. पण तिला शास्त्र म्हणू नये. शिस्त मंडळीनं घातली, तर दूरच्या गावांसाठी ती मंडळीला बदलताही येते. एखाद्या वडिलांना तसा अधिकार देता येतो. हे म्हणणं मी मंडळीच्या सभेपुढे लेखी ठेवणार आहे.

आणि शास्त्रात जे स्पष्ट लिहिलंय त्याचं काय? एकाच भाकरीत वाटेकरी होणारी आमची माणसं मुलामुलींची लग्नं जमवताना पूर्वजांची जात विचारतात. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही, हे वचन पाठ असूनही विचारतात. झगा कुठल्या रंगाचा असावा यावर वाद घालणाऱ्या सभा याबाबतीत तोंडातून शब्द काढत नाहीत. शास्त्राचा अधिकार असा सोयीपुरता मानणं मला सगळ्यांत जास्त लागतं.

स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायातलं वचन आम्हाला लहानपणापासून ऐकवलं गेलं. त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे कुणी वाचून दाखवलं नाही. एक वचन उचलून दुसरं झाकणं म्हणजे शास्त्र मानणं नव्हे. १९०५ साली केडगावच्या तुमच्या मुक्तिसदनात शेकडो मुली मोठ्यानं प्रार्थना करत होत्या, त्यांना तुम्ही गप्प बसवलं नाही.

उतारवयात तुम्ही हिब्रू आणि ग्रीक शिकलात. साध्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र उतरवलंत. केडगावच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले, फर्मे छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी तुम्ही गेलात, तोवर काम पुरं झालं होतं. १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला. ज्या मुलींना कुणी अक्षर शिकू दिलं नसतं, त्यांच्याच हातून देवाचं वचन छापून निघालं. अधिकार शास्त्राचा असेल तर ते प्रत्येकाच्या हाती, प्रत्येकाला कळेल असं असलं पाहिजे. नाहीतर तो अधिकार वाचून दाखवणाऱ्याचा होतो.

येत्या रविवारी आम्ही करिंथकरांस पहिल्या पत्राचे ११ ते १४ अध्याय सलग वाचणार आहोत, मधलं काही न गाळता. १४ वा अध्याय दहावीतली एक मुलगी वाचेल. प्रश्न विचारणारा तो मुलगाही यायचा आहे.

आपली,
प्रभूमधील एक बहीण
गगनबावडा