गिअर चाकाच्या पोटात

दोन पावसाळ्यांपूर्वी जांबोटीच्या अलीकडे, जंगलातल्या एका गाडीवाटेवर माझ्या सायकलच्या मागच्या चाकात करवंदीची फांदी अडकली. मी पायडल थांबवेपर्यंत डिरेलर वाकून तारांत गेला आणि मोडला. डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणारा, मागच्या चाकाशी लोंबणारा भाग. जमिनीपासून तो जेमतेम वीतभर उंच असतो. आपल्याकडच्या तांबड्या चिखलात तोच आधी भरतो आणि तोच आधी तुटतो.

चेन तोडून आखूड करायचं हत्यार जवळ नव्हतं, मोबाईलला रेंज नव्हती. नऊ किलोमीटर सायकल ढकलत मोठ्या रस्त्याला आलो, मग एका टेम्पोवाल्याने बेळगावपर्यंत आणलं. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बाबा गेल्यापासून माझ्या उशिराचा आईला धसका बसतो. ती ओरडली नाही. पाणी तापवून दिलं आणि एवढंच म्हणाली, "एवढं चालतच यायचं होतं, तर सायकल कशाला नेलीस रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी हबमधल्या गिअरचा अभ्यास सुरू केला. यात सगळे दाते मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात बंद असतात. बाहेर एकच चक्र आणि सरळ चेन. फांदीला अडकायला काही उरत नाही. उभ्या सायकलवरही गिअर बदलता येतो, चढाच्या तोंडाशी गडबड होत नाही.

डोंगरवाटेसाठी सगळ्यात नावाजलेला हब जर्मन रोलॉफचा. १४ गिअर, आणि सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या ५.२६ पट. पण त्याच्या किमतीत माझ्यासारख्या कैक सायकली आल्या असत्या. खिशाला परवडला तो शिमानोचा ८ गिअरचा अल्फाइन. त्याचा पल्ला ३.०७ पट. माझ्या जुन्या गिअरांचा पल्ला साडेपाच पट होता. म्हणजे काहीतरी सोडावं लागणारच होतं.

हलके गिअर ठेवू की जड, यावर मी आठवडाभर एक्सेल शीट घेऊन बसलो. पुढचं चक्र हवं तेवढं लहान करून चालत नाही. तसं केलं तर हबमधल्या दात्यांवर जास्त जोर येतो. पुढच्या आणि मागच्या दात्यांचं प्रमाण साधारण दुपटीच्या खाली न्यायचं नसतं. मी पुढे ४२ आणि मागे २० दाते घेतले. पूर्वी सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.४ मीटर पुढे जायची, आता २.३ मीटर जाते. याचा अर्थ राजहंसगडाच्या शेवटच्या चढावर कळला. उतरलो आणि ढकलत गेलो.

आणखीही अडचणी आहेत. मागचं चाक जड झालं. गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सैल करावा लागतो. पंक्चर काढायचं तर गिअरची केबल सोडवून, पान्याने नट ढिले करून चाक काढावं लागतं. अंगणात पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा आईने घड्याळ लावलं होतं: चाळीस मिनिटं. आता पंधरा लागतात. शिवाय हा हब मुळात शहरातल्या आणि लांबच्या प्रवासाच्या सायकलींसाठी आहे, म्हणून उड्या मारत नाही. ओढ्याचं पाणी हबपर्यंत येणार असेल तर सायकल खांद्यावर घेतो, कारण आत पाणी गेलं तर ग्रीस खराब होतं.

तुमच्यापैकी कुणी असा हब घ्यायच्या विचारात असाल, तर गिअर किती आहेत हे नंतर मोजा. आधी ठरवा, कुठली अडचण चालेल. दहा मिनिटं चढ चालणं मला चालतं. अंधारात नऊ किलोमीटर नाही.

यंदा जुलैत पुन्हा त्याच वाटेवर गेलो. चिखल तेवढाच, करवंदीची जाळीही तिथेच. दिवेलागणीच्या आत घरी आलो. आई तुळशीपाशी होती. तिने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"आज किती चाललास?"

"चढावर थोडा."

"बरं," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.