दोन लाल बसगाड्या
मुलांनो, परदेशात फिरताना तुम्ही कोणते वाहन निवडाल?

मी बिद्रीचा. आम्हांला कोल्हापूरला जायचे तर एसटी, नाहीतर वडापची जीप. एसटीत कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो.

लंडनला गेलो तेव्हा टॅक्सी महाग, म्हणून लाल बसमध्ये चढलो. आपली एसटीच आठवली! पण कंडक्टर नव्हता. ड्रायव्हरपुढे नोट धरली. त्याने मान हलवली. तिथल्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. कार्ड यंत्राला टेकवावे लागते. मी मुकाट्याने खाली उतरलो.

स्थानिक बस स्वस्त खरी. पण तिची रीत आधी विचारून घ्यावी.

परवा बिद्रीच्या थांब्यावर परगावचा एक माणूस गोंधळून उभा होता. मी लगेच पुढे गेलो. तुम्हीही जाल ना?