डोंगराचा माथा सोडून

डोंगरात आपले एक घर असावे, असे उभ्या आयुष्यात एकदाही वाटले नाही असा शहरी माणूस विरळाच. हे घर प्रत्येकाच्या मनात अगदी ठरलेले असते. ते माथ्यावर असते, समोर अख्खी दरी पसरलेली असते, मागे गर्द झाडी असते आणि आपल्या हातात वाफाळलेला चहा असतो. आमच्या घरातही हे चित्र वीस वर्षे मनोमन टांगलेले होते. महाबळेश्वरच्या डोंगररांगेत वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा आहे आणि त्यावर थोडे रान आहे. पुतण्या वास्तुशिल्पी झाला आणि ते चित्र कागदावर उतरू लागले.

"घर जंगलात मिसळून गेले पाहिजे," यावर साऱ्यांचे एकमत झाले. पण मिसळणे म्हणजे काय, यावर मात्र जितकी तोंडे तितकी मते! धाकट्या भावाच्या मते भिंतींना हिरवा रंग दिला की काम झाले. मुलीला ओंडक्यांच्या भिंती हव्या होत्या. ओंडके कुठून येतात, हा प्रश्न तिला पडला नव्हता. पुतण्याने भिंतभर काच लावायचे ठरवले होते. "काचेत सगळे रान उमटेल, काकू. घर दिसणारच नाही!"

"तुला दिसणार नाही, तसे ते पाखरांनाही दिसणार नाही रे," आमची ही म्हणाली.

पुतण्या गप्प झाला. काचेतले आकाश खरे समजून पाखरे तिच्यावर आदळतात आणि मरतात, हे त्यालाही ठाऊक होते. त्या दिवसापासून आम्ही एक नवा खेळ सुरू केला. घर आपल्याला कसे दिसेल हे बाजूला ठेवायचे आणि रानातल्या एकेकाला ते कसे वाटेल, हे पाहायचे.

पहिला मान पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तेवढ्यात पाच लाख लिटर पाणी उतरते! सपाट गच्चीचा नकाशा तिथेच निकालात निघाला आणि उतरती मंगलोरी कौले आली. पण पागोळ्यांचे पाणी पुढे जाणार कुठे? ते एकाच जागी उतारावर सोडले, तर माती घेऊनच खाली जाणार. म्हणून दगडगोट्यांनी भरलेला चर घराभोवती आखला, की पाणी पसरून मुरावे. जोते उंच खांबांवर घेतले, म्हणजे डोंगरावरून येणाऱ्या पाण्याची वाट अडायची नाही. खाली गावात पाहिले, तर जुन्या लोकांना हे सगळे ठाऊकच होते. कारवीचे कूड, जांभ्याच्या भिंती, आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींना बांधलेल्या गवताच्या झडी. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो. हत्याराने कापला जातो आणि वाऱ्यावर कडक होतो. आमच्या नव्या घराच्या भिंतींसाठी त्याच्याहून शहाणा दगड पुतण्यालाही सुचला नाही.

दुसरा मान शेकरूचा. हा लांब शेपटीचा तांबूस प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याचा सारा संसार या फांदीवरून त्या फांदीवर चालतो. माथ्यावरची जागा आणि तिथपर्यंत मोटारीचा रस्ता, यासाठी जांभूळ, अंजनी, हिरडा मिळून अकरा झाडे जात होती. आमच्या दृष्टीने अकरा झाडे. त्याच्या दृष्टीने मोडलेला पूल. शिवाय २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे. परवानगीसाठी अनेक उंबरे झिजवावे लागले असते. पण खरी अडचण कायद्याची नव्हती. माथ्यावरच्या त्या कड्याशी बसून चहा घ्यायचा, हे हिचे वीस वर्षांचे स्वप्न होते; आणि हिचे गुडघे आता रस्त्याशिवाय तिथवर पोहोचणारे नव्हते.

त्याच सुमारास पुतण्याने फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुशिल्प्याच्या दोन घरांची चित्रे दाखवली. एक पेनसिल्व्हेनियातले, १९३५ साली आखलेले. मालकांना वाटत होते की घरातून समोर धबधबा दिसेल. राइटने घर धबधब्यावरच बांधले. दिसायचा तो धबधबा घरभर ऐकू येऊ लागला. घराची कीर्ती जगभर झाली. पण अधांतरी सज्जे हळूहळू झुकत गेले आणि २००२ साली त्यांना मोठी दुरुस्ती करावी लागली. दुसरे त्याचे स्वतःचे घर, १९११ सालचे, विस्कॉन्सिनमधले टॅलिएसिन. या वेल्श नावाचा अर्थ 'तेजस्वी कपाळ'. माथ्यावर बांधले तर टेकडीच हरवते, म्हणून त्याने ते टेकडीच्या कपाळावर बांधले.

"बरोबरच आहे," ही म्हणाली. "कुंकू कपाळावरच शोभते. माथ्यावर करंडा पालथा करून कोणी मिरवत नाही."

हसत हसतच तिने बोट नकाशावर खाली आणले. गावच्या रस्त्याला लागून नाचणीचे एक जुने, पडीक खाचर होते. झाड एकही नाही, जमीन आधीच सपाट. "इथे."

"पण वहिनी, इथून दरी दिसत नाही!" भाऊ कळवळला. "दरीच दिसायची नसेल, तर आमचे शहर काय वाईट होते?"

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दरी आहे हे माहीत असले तरी पुष्कळ झाले."

नकाशा आता पक्का झाला आहे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि घरापेक्षा मोठी पडवी. दिवे खाली तोंड केलेले आणि मोजकेच. रात्रीचा अंधारही रानाच्याच मालकीचा. तरी एक गोष्ट मनाशी कबूल करावी लागते. रानाला विचारले असते, तर त्याने घरच नको म्हटले असते. आपण जाणारच असलो, तर बिनबोलावल्या पाहुण्याने बसावे तसे दाराशी बसावे. देवघरापर्यंत घुसू नये.

माथा तसाच मोकळा राहील. पडवीपासून तो चढणीची दोनशे पावले आहे. गुडघे साथ देतील त्या दिवशी आम्ही दोघे हळूहळू जाऊ. नाही देणार त्या दिवशी दरीतला वारा पडवीत येईलच, चहा निवण्याच्या आत.