पाचवा रकाना

आमच्या चौघांच्या वहीत आतापर्यंत अकरा दुकानांची नोंद झाली आहे. वही साधी, दोनशे पानी. वर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'पिझ्झा – नगर'. कागदोपत्री शहर आता अहिल्यानगर झालं, पण साठ वर्षांची सवय हातातून लगेच जात नाही.

आम्ही चौघे एका वर्गातले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. शेठचं कापडाचं दुकान, घर जैन. आप्पा एस.टी.त होता, आता राहुरीकडच्या शेतावर गाई सांभाळतो. सर कॉलेजात शिकवायचे. रविवारी सकाळी चर्च चुकवत नाहीत. वर्गात आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो, तेच आजही चालू आहे. फक्त सरांना सगळेच 'सर' म्हणतात, थट्टेनं सुरू झालं आणि तसंच राहिलं.

पन्नास वर्षांच्या दोस्तीत आम्ही चौघांनी एका ताटाभोवती बसून पोटभर जेवल्याचं मला आठवत नाही. ईदला तिघेही घरी येत. शेठ शीरखुर्म्याची वाटी हातात घेई, दोन चमचे खाई आणि सुका मेवा रुमालात बांधून नेई. आप्पाच्या घरी लग्नात मी गोडाचं जेवून उठायचो. कुणाचा कुणावर राग नव्हता. प्रत्येकाच्या घरची रीत प्रत्येकाला पाठ होती, आणि ती सांभाळता सांभाळता पंगत मात्र राहून गेली.

पिझ्झा आमच्यात आणला माझ्या नातीनं. १९९६ साली डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरात आलं, तेव्हा ते आम्ही फक्त वर्तमानपत्रात वाचलं होतं. आता नातीच्या वाढदिवसाला खोकी घरी आली. शेठ शुभेच्छा द्यायला आला होता. नात म्हणाली, "आजोबा, हा जैन पिझ्झा आहे. कांदा नाही, लसूण नाही." शेठनं एक तुकडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला. जाताना म्हणाला, "मास्तर, हा चौघांनी बसून खाण्यासारखा पदार्थ आहे."

वार ठरवायलाच एक बैठक लागली. शुक्रवार मला नको, सोमवारी आप्पाचा उपवास, रविवार सरांचा. शेठ चातुर्मासात सूर्यास्तानंतर खात नाही. मी असरची नमाज पढून निघणार आणि मगरिबला मशिदीत पोचणार. शेवटी बुधवार, संध्याकाळचे साडेपाच ठरले. शेठचा सूर्य आणि माझी मगरिब एकाच वेळेला बांधलेली आहेत, हे इतक्या वर्षांत तेव्हा प्रथम लक्षात आलं.

परीक्षकांची कामंही वाटून घेतली. पाव माझ्याकडे आला, कारण अब्बांनी बेकरीच्या भट्टीपुढे तीस वर्षं काढली. ते म्हणायचे, "आटे को सोने दे, बेटा. जल्दी जगाया तो नाराज होता." पिझ्झ्याचंही तेच आहे. नेपल्समध्ये पीठ कित्येक तास मुरवतात आणि लाकडाच्या धगधगत्या भट्टीत पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजून काढतात. त्या कारागिरीची २०१७ साली युनेस्कोनं वारसा म्हणून नोंद केली. आमच्या अब्बांच्या कारागिरीची नोंद कुणी केली नाही, पण नगरमधल्या एका दुकानात पावाची कड चावताना मला त्यांच्या भट्टीचा वास आला. त्या दुकानाला मी दहापैकी आठ दिले.

चीज आप्पाकडे. तो दुधातला माणूस. किलोभर चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं, हा हिशेब तो दर वेळी नव्यानं सांगतो. दोन दुकानांत त्यानं पहिल्याच घासाला मान हलवली. "हे दूध नाही, तेल आहे," म्हणाला. चीजसारखा दिसणारा, वनस्पती तेलाचा माल स्वस्त पडतो आणि भाव खाली ठेवायचा तर काही जण तोच वापरतात. दुधाला मिळणाऱ्या भावासाठी झुरणाऱ्या माणसाला तो घास गिळवत नव्हता. चटणी शेठकडे आणि भाव सरांकडे, कारण सर बिल नीट तपासतात.

असे चार रकाने होते. पाचवा पहिल्याच बुधवारी वाढला. सावेडीतल्या एका दुकानात मी काउंटरवर हळूच विचारलं, "बाळ, चिकनच्या पिझ्झ्याला आणि साध्याला सुरी एकच आहे का?" तो मुलगा हसला. म्हणाला, "अंकल, आत्ताच त्या अंकलनीपण हेच विचारलं." मागे वळून पाहिलं तर शेठ उभा.

मी विचारलं, कारण ते चिकन हलाल आहे का, हे त्या मुलाला सांगता येत नव्हतं. शेठनं विचारलं, कारण त्याला चिकनच नको. भीती दोघांची वेगळी, प्रश्न एकच. चीजचंही तसंच. पूर्वापार चीजसाठी दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरत. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असला की ते प्राणिजन्य नसतं. तो ठिपका मी शोधतो आणि शेठही शोधतो. त्या संध्याकाळी सरांनी पट्टीनं पाचवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'चौघांना खाता आलं का?'

मध्ये एकदा गावातली हवा बिघडली. कारण काय होतं ते इथं लिहीत नाही. ज्यांनी असे दिवस पाहिलेत त्यांना ते ठाऊक असतं. दुकानांची शटर अर्धी खाली आली, फोनवर नको ते संदेश फिरले. बुधवार आला. मुलगा म्हणाला, "अब्बा, काही दिवस जाऊ नका. कोण कुठल्या मनानं बघेल सांगता येत नाही." मी गेलो नाही. आप्पाचाही फोन आला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. मी मनात धरून बसलो, याला तरी विचारायला काय झालं होतं?

तिसऱ्या बुधवारी सर घरी आले, हातात वही. त्यांनी एवढंच सांगितलं, "आप्पाच्या मुलानं त्याला तेच सांगितलं, जे तुझ्या मुलानं तुला." मला सुरीचा प्रश्न आठवला आणि माझीच लाज वाटली. मी टोपी घातली आणि निघालो.

जवळचं दुकान गाठलं. पाव कच्चा, चटणी आंबट, चीज तेलाचं. आप्पा आधीच येऊन बसला होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आप्पानं पहिला तुकडा उचलून माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "मास्तर, बघ रे, पावाला किती देतोस?" मी म्हटलं, "दोन." चौघेही हसलो. त्या दुकानाचे चार रकाने मिळून चाळीसपैकी अकरा गुण झाले. पाचव्यात सरांनी दहा लिहिले.

परतताना किल्ल्यावरून आलो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मौलाना आझादांना इथं आणलं. पहाटेच्या अंधारात उठून ते स्वतःच्या हातानं बिनदुधाचा चिनी चहा करायचे. 'गुबार-ए-खातिर'मधल्या पत्रांत चहात दूध घालणाऱ्यांचा त्यांनी चांगलाच समाचार घेतला आहे. सर म्हणाले, "चवीचा एवढा आग्रही माणूस, पण देशासाठी मात्र सगळ्यांचा एकच दस्तरखान मागत राहिला." त्यावर कुणी काही बोललं नाही. सूर्य बुडायला आला होता, शेठनं बाटलीतलं पाणी पिऊन घेतलं आणि मी मशिदीकडे वळलो.

पिझ्झा काही आमच्या पूर्वजांचा पदार्थ नाही. कदाचित म्हणूनच तो कुणाच्याच घरच्या रीतीला बांधलेला नाही आणि त्याच्याभोवती बसताना कुणाला आपली जागा सोडावी लागत नाही. चव म्हणून मला आजही गरम भाकरी आणि सालनच आवडतं.

गेल्या बुधवारी पुन्हा सावेडीतल्या त्या पहिल्या दुकानात गेलो. आम्ही काही विचारायच्या आत त्या मुलानं नळ सोडला आणि सुरी धुवायला घेतली.