काचेपलीकडचा बॉस

सकाळी साडेनऊला लोअर परळला उतरलात, की चालावं लागतच नाही. गर्दीच तुम्हाला ऑफिसपर्यंत नेते. इथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे. १९८२च्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. आता त्याच आवारांत को-वर्किंग ऑफिसेस. बीन बॅग, फुकट कॉफी (बरी असते!), एका मजल्यावर दहा कंपन्या.

आमची सहाजणांची काचेची केबिन कोपऱ्यात. बॉस ओरडायचा तेव्हा बाहेरून नुसते हातवारे दिसायचे. मूकपटच! एचआर बंगळुरूला, आणि जागेची मॅनेजर बिचारी वायफाय-प्रिंटरपुरती. सांगायचं कोणाला?

एकदा पॅन्ट्रीत डोळे पुसत होते. शेजारच्या कंपनीतली मुलगी म्हणाली, ‘‘आम्हाला रोज दिसतं गं. तारीख-वेळ लिहून ठेवतेस ना?’’

ठेवत नव्हते. त्या दिवसापासून ठेवली. तोंडी दिलेलं प्रत्येक कामही ईमेलवर कन्फर्म करून घेतलं. दोन महिन्यांनी सगळं बंगळुरूला पाठवलं. उत्तर आलं, ‘फीडबॅकबद्दल धन्यवाद.’ मी राजीनामा टाकला.

गेल्या महिन्यात तिला भेटायला गेले होते. आमच्या जुन्या केबिनच्या काचेवर आता दुधी फिल्म लावलीय.