मिटलेला शिंपला
दुबईत मुलाच्या घरी खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. तिच्यात निळसर ट्रायडॅक्ना शिंपला. त्याच्या मांसल पडद्यात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं, त्यावर हा जगतो. म्हणून दिवसा त्याला उघडं राहावंच लागतं.

माझ्या हट्टाने मुलाने देखणा एंजलफिश आणला. तो पडद्याला सारखा टोचायचा. जखम दिसेना, पण शिंपला मिटूनच राहू लागला.

"अम्मी, असाच राहिला तर उपाशी मरेल," मुलगा म्हणाला. मासा दुकानात परत गेला. क्लाऊनफिश राहिले, ते शिंपल्याला छेडत नव्हते.

चौथ्या दिवशी शिंपला उघडला. अल्हम्दुलिल्लाह!

त्या रात्री सुनेच्या सालनाला मी नाव ठेवलं नाही. जेवणानंतर ती बऱ्याच दिवसांनी माझ्याजवळ बसली.